आधी ओळख, मग वैर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जुलैत आमच्या महाविद्यालयाचे तीन दिवसांचे वृक्षारोपण शिबिर झाले. त्याचा रीतसर वृत्तान्त याच अंकात अन्यत्र असेल. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, समारोपाला कोण पाहुणे आले, हे त्यात वाचावयास मिळेलच. त्यात न येणाऱ्या दोन गोष्टी मला सांगावयाच्या आहेत. दोन्ही एकाच दिवशी घडल्या.

सकाळी दहाच्या सुमारास माळावरचा एक मोठा धोंडा आम्ही चौघांनी पहार घालून उलथला. खाली काळाभोर विंचू. तळहाताएवढा लांब, चिमटे खेकड्यासारखे दणकट, आणि पाठीवर पांढऱ्या दाण्यांचा नुसता खच. वाकून पाहिले तेव्हा कळले की दाणे नव्हेत, पिल्ले आहेत. वीस-पंचवीस तरी असतील. मादीने शेपूट उंच धरली, चिमटे पुढे काढले आणि जागच्या जागीच राहिली. पळाली असती तर पिल्ले सांडली असती, असे आपले मला वाटले. आरडाओरडा झाला, मुली मागे सरल्या, मुले त्याहून मागे सरली, आणि मग एका मित्राने पहार उचलली. दोन घावांत सारे आटोपले. टाळ्या पडल्या. दुपारच्या पंगतीत त्या मित्राच्या पानात एक जिलेबी जास्त पडली.

रात्री मुक्काम गावातल्या शाळेच्या वर्गात होता. झोपण्याच्या तयारीत असताना कुणाच्या तरी टॉवेलवर एक विंचू दिसला. बोटाएवढा, तांबूस-पिवळा, चिमटे काडीसारखे बारीक. ‘‘अरे, पिल्लू आहे हे, जाऊ दे,’’ असे म्हणत त्याच मित्राने, होय, सकाळच्या पहारवाल्यानेच, तो वहीच्या पुठ्ठ्यावर अलगद घेतला आणि खिडकीबाहेर टाकला. त्याची भूतदया पाहून सरांनीही कौतुक केले.

ते पिल्लू नव्हते. तो पूर्ण वाढ झालेला लाल विंचू होता. महाराष्ट्रात विंचू चावून माणूस दगावल्याचे जेव्हा ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा तो हाच असतो. सकाळी जिला ठेचले तिच्या दंशाने माणूस कळवळला असता, रात्रभर तळमळला असता, आणि बहुधा सकाळी उठून चहा प्याला असता. थोडक्यात, एकाच दिवसात आम्ही बहुतांशी निरुपद्रवी प्राण्याला मृत्युदंड दिला आणि खऱ्या मारेकऱ्याला सन्मानाने निरोप दिला. मी ओरडलो, सर्वांची अंथरुणे झटकायला लावली, तेव्हा मात्र खोलीभर हशा पिकला. ‘‘कोकणातला आहे तो, घाबरट,’’ असेही कुणी म्हणाले.

कोकणातला आहे हे खरे. आमचे गाव महाड तालुक्यात. घाबरट आहे हेही खरे, आणि त्याला कारण आहे.

मला एक आत्या होती, जिला मी पाहिलेले नाही. १९७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, पेंढ्याच्या उडवीतून पेंढा ओढताना तिला लाल विंचू चावला. वेळ दिवेलागणीची. आधी मांत्रिकाकडे नेले. तो भला माणूस होता, पैसेही घेत नसे. त्याने मंत्र टाकला, पाणी पाजले. मुलीला उलट्या होऊ लागल्या, अंग घामाने निथळू लागले, हातपाय गार पडले. धाप लागली. उजाडण्यापूर्वी सगळे संपले. आजी हे सांगताना कधी रडली नाही. एवढेच म्हणे, ‘‘थंडगार पडली रे माझी पोर, भर मे महिन्यात.’’

ज्या बाईचे पोर विंचवाने नेले ती बाई जन्मभर दिसेल तो विंचू ठेचत सुटेल, असे तुम्हाला वाटेल. आजी तसे करीत नसे. ती पाहत असे. रोज संध्याकाळी, म्हातारपणी डोळे अधू झाल्यावरही, हातात बॅटरी आणि चुलीतला चिमटा घेऊन तिची फेरी निघे. सरपणाचा ढीग, गोवऱ्या, गडग्याच्या सांदी, कौलांखालचे वासे, दाराबाहेरच्या वहाणा. कोणत्या दगडाखाली कोण राहतो हे तिला पाठ होते. घरात आलेला तांबडा तिच्या चिमट्यातून सुटत नसे. पण परसातल्या बिळात एक काळा होता, त्याच्याकडे ती नुसती बॅटरी मारून पुढे जाई. मी सात-आठ वर्षांचा असताना काठी घेऊन त्या बिळापाशी बसलो होतो, तेव्हा तिने माझा कान धरला. ‘‘ह्याला हात लावू नको, पण मारू पण नको. हा आपल्या बिळातला. तांबडा दिसला तर मला हाक मार.’’

वैर तिच्याइतके कुणाचे असणार? पण वैरी कोण, तो कुठे राहतो, किती वाजता बाहेर पडतो, हे तिने आधी शिकून घेतले होते. माझा सारा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मांडण्यासाठी मी संपादकांकडून ही पाने मागून घेतली आहेत.

ओळखण्याची खूण तशी अवघड नाही. चिमटे जाडजूड आणि शेपूट त्या मानाने बारीक असेल तर तो विंचू भक्ष्य चिमट्यांनी दाबून मारणारा. विषावर त्याची भिस्त कमी. चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल तर त्याचा भरवसा नांगीवर. हा काही अचूक नियम नव्हे, पण आपल्याकडच्या काळ्या आणि लाल विंचवाला तो चपखल लागू पडतो. आकाराने माणूस फसतो. मोठा तो वाईट आणि लहान तो बापडा, असे आपण धरून चालतो. विंचवापुरतेच असे चालतो असेही नाही, पण तो विषय येथे नको.

माझी आत्या गेली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ साली, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचवाचे रुग्ण त्यांच्यासमोर येत आणि डोळ्यांदेखत जात. त्यांनी काय केले? रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले. घाम केव्हा फुटतो, नाडी कशी चालते, हातपाय केव्हा गार पडतात, फुप्फुसात पाणी केव्हा भरते, याच्या नोंदी केल्या. या विषाने शरीरातली अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या ओझ्याखाली थकते. मग रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले. पूर्वी रुग्णालयात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण पाचाच्या आत आले. २०११ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजीला ते पाहायला मिळाले नाही. तिला पद्मश्री म्हणजे काय ते ठाऊकही नव्हते, पण ‘‘बावस्कर दोन वर्षं आधी आला असता तर’’ हे वाक्य आमच्या घरात कैकदा उच्चारले गेले आहे.

मांत्रिकाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आमच्या वसतिगृहातही ‘गुण येतो’ म्हणणारे आहेत. गुण येतो तो का येतो? विंचवाच्या बहुतेक दंशांत नुसती वेदना असते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. काळा चावला असेल, किंवा लाल विंचवाने विष थोडेच टोचले असेल, तर मंत्राने बरे वाटते, पाण्याने वाटते आणि काहीच न केल्यानेही वाटते. म्हणून दहापैकी आठ-नऊ जण मांत्रिकाचे नाव घेतात. उरलेला एक नाव घ्यायला राहत नाही. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय यांची वाटही न पाहता सरळ दवाखाना गाठावा.

आता एक आक्षेप. हा लेख वाचून दाखवला तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘‘हे सगळं सायन्सवाल्यांनी लिहावं. आपण कलाशाखेचे. विंचू-कोळ्यांशी आपला काय संबंध?’’ मला वाटते, पुष्कळ संबंध आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण घरभाडे न परवडणाऱ्या माणसाला लावतो. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने पाठीवर पिल्ले घेतलेली मादी पाहिली होती, आणि तिला ठेचण्यापूर्वी क्षणभर तरी थांबून पाहिली होती, एवढे नक्की. विंचवाची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले प्रसवते. ती तिच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तेथेच राहतात. नाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे हे आम्हाला परीक्षेत विचारतात. पण ते रूपक लोकांच्या अंगाला झोंबले ते ज्यांच्या घरात खरा विंचू निघत होता त्यांना. आम्ही रूपक पाठ केले आणि विंचू विसरलो.

फ्रान्समधले झाँ-आँरी फाब्र (१८२३–१९१५) हे तर पेशाने शाळामास्तर. सेरिन्याँ गावातल्या आपल्या ओसाड, काटेरी परसात बसून त्यांनी विंचू, कोळी, गांधीलमाश्या यांच्याविषयी दहा खंड लिहिले. ते इतके वाचनीय होते की साहित्याच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. निखाऱ्यांच्या कड्यात सापडलेला विंचू स्वतःला नांगी मारून आत्महत्या करतो, असा समज त्यांच्याकडेही होता, आपल्याकडेही आहे. फाब्रनी तसे कडे करून पाहिले. विंचू तडफडला आणि निपचित पडला. बघे असते तर म्हणाले असते, मेला, केली आत्महत्या. फाब्रनी तो उचलून गार वाळूवर ठेवला. काही वेळाने महाराज उठून चालू लागले. उष्णतेने मूर्च्छा आली होती, एवढेच. या प्रयोगाला कोणती प्रयोगशाळा लागली? थोडे निखारे आणि तासभर थांबण्याची तयारी.

विंचवाविषयीचा दुसरा समज असा की पिल्ले आईला खाऊन टाकतात. विंचवाच्या बाबतीत ही बदनामी आहे. पण गंमत अशी की हे खरोखर जिथे घडते तो प्राणी आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणावरच राहत होता आणि आमचा त्याच्याशी परिचय नव्हता.

कुंपणाच्या बाभळीवर, मागच्या फाटकाजवळ, राखाडी चिंध्यांच्या बोचक्यासारखे काहीतरी होते. आपण सारे रोज त्याच्या शेजारून गेलो आहोत. ते कोळ्यांचे सामाईक घर होते. कोळी एकलकोंडे असतात, हे बहुतेकांच्या बाबतीत खरे. पण ही जात शेकड्याने एकत्र राहते. बोचक्यापासून काट्यांवर पसरलेले जाळे सगळ्यांचे मिळून. नाकतोडा अडकला की सात-आठ जण निघतात, त्याला पाय धरून ओढतात आणि पंगत बसते. शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सॅरासिनोरम. या जातीत मादी आधी पिल्लांना तोंडातून पातळ केलेले अन्न भरवते आणि शेवटी पिल्ले तिलाच शोषून घेतात. ती प्रतिकार करीत नाही. आईने लेकरांसाठी हाडांची काडे केली असे आपण निबंधात लिहितो. येथे ते अक्षरशः घडते. हे वाचल्यावर मला ते पवित्र वाटले की भयंकर, हे अजून ठरलेले नाही.

ऑगस्टपासून मी ते घर पाहत होतो. वहीत अठरा पाने नोंदी आहेत. डिसेंबरात स्नेहसंमेलनापूर्वी परिसर स्वच्छ करण्याचा आदेश निघाला. ‘जळमटे’ म्हणून ते बोचके काठीने ओढले आणि पालापाचोळ्याबरोबर पेटवले. कुणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. भाषणात ‘पर्यावरण’ हा शब्द मी त्या दिवशी मोजला तर अकरा वेळा आला.

मी कोणाला दोष देत नाही. कारण माझ्या मते दोष शब्दांचाही आहे. भारतात कोळ्यांच्या अठराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि आपल्या रोजच्या बोलण्यात त्या सगळ्यांना मिळून शब्द एक: कोळी. त्याच्या घराला दोन-तीन: जाळे, जळमट, कोळिष्टक. त्यातले दोन तर केरसुणीसाठीच जन्मलेले. ज्याला नाव नाही ते दिसत नाही. ऑक्टोबरात पहाटे मैदानामागच्या माळावर जा. दव पडलेले असते आणि गवतात शेकडो पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दिसतात. प्रत्येकीच्या टोकाला नरसाळ्यासारखे भोक, आणि भोकात धनी बसलेला. ऊन चढले की दव जाते आणि चादरी अदृश्य होतात, पण असतात तेथेच. घाणेरीच्या फुलावर फुलाच्याच रंगाचा एक बसतो, खेकड्यासारखा आडवा चालतो. जाळे विणण्याची कटकट तो करीतच नाही. मधमाशी आपणहून येते. पायवाटेवर धावणारी एक मादी अंड्यांची पांढरी गोटी मागे चिकटवून हिंडते आणि पिल्ले बाहेर आली की विंचवासारखी तीही त्यांना पाठुंगळी घेते. तिच्यासाठी म्हण झाली नाही, एवढाच फरक. वाचनालयाच्या खिडकीत उड्या मारणारा एक आहे. आपण बोट नेले की तो वळून आपल्याकडे पाहतो, समोरचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. याच कुळातली ठाणे परिसरात सापडलेली एक नवी जात २०२१ साली संशोधकांनी नोंदवली आणि तिला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात निव्वळ हातांनी बंदूक धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांचे. लॅटिनमध्ये मराठी माणूस गेला. मराठीत मात्र त्या कोळ्याला अजून घरचे नाव नाही. नावे ठेवण्यात तर आपण मराठी माणसे पटाईत. मग मराठी विभागाने या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी जाहीर सूचना आहे. प्रत्येक वर्गाने वर्षाला पाच नावे सुचवली तरी पुष्कळ झाले.

‘‘पण उद्या तुलाच चावला म्हणजे?’’ असे एका आदरणीय प्राध्यापकांनी मला विचारले. सर, मी दया मागत नाही. खोलीत लाल विंचू निघाला तर मीही तो मारीन, आजीच्याच चिमट्याने. माळावर त्याच्या दगडाखाली मी त्याला सोडतो. धोंडा उलथताना हाताने नव्हे, काठीने उलथावा आणि पलीकडची कड वर उचलावी, म्हणजे खाली जो कोण असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये धोंडा राहतो. पाहून झाले की तो होता तसा ठेवावा. छप्पर उडालेले घर कुणालाच आवडत नाही. आमच्या पाठ्यक्रमात हे कुठेच नाही, त्यामुळे गुणही नाहीत.

पहारवाला मित्र अजूनही माझा मित्र आहे, हे सांगायला हवे. ऑक्टोबरच्या अखेरीस एके रात्री जेवणानंतर मी त्याला बरोबर घेऊन वसतिगृहामागच्या पडक्या दगडी बांधाकडे गेलो. माझ्याजवळ नोटा तपासायची असते तसली अतिनील प्रकाशाची बॅटरी होती, शहरातून दीडशे रुपयांना आणलेली. विंचवाच्या कवचाचा एक विलक्षण गुण आहे: या प्रकाशात तो हिरवट-निळा चमकतो. काळा असो, लाल असो, दोघेही. आधी साध्या बॅटरीने त्याला बांध दाखवला. काही नव्हते, दगड, शेवाळ, एक रिकामी बाटली. मग ती मालवून दुसरी लावली.

तो काही बोलला नाही. मी मोजू लागलो. पहिल्या दहा पावलांत चार, पुढे कोपऱ्यावर दोन, आणि जेथे रोज संध्याकाळी आम्ही पाय सोडून गप्पा मारीत बसतो त्या सपाट दगडाच्या कडेला एक. बारीक चिमटे, जाड शेपूट, स्वस्थ बसलेला. मित्र बराच वेळ उकिडवा बसून त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने बॅटरीचा झोत खाली घेतला, आमच्या चार पायांवर आणला. दोघेही स्लिपर घालून आलो होतो.

‘‘उद्या बूट घालून येऊ,’’ तो म्हणाला.